शाळा म्हणतेय "टीसी घेऊन जा": सही करायच्या आधी हे वाचा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगतो. मुलगा सातवीत, नाशिकच्या सिडकोकडची खासगी इंग्लिश मीडियम शाळा. पोराने वर्गशिक्षिकेच्या फोटोचं व्हॉट्सअ‍ॅप स्टिकर बनवून मुलांच्या ग्रुपवर टाकलं, ते फिरत फिरत मॅडमपर्यंत गेलं, पीटीच्या सरांनी त्याला वर्गासमोर थोबाडीत दिली आणि पन्नास उठाबशा काढायला लावल्या, मग तीन दिवस घरी बसवलं, आता एक छापील हमीपत्र सहीला पाठवलंय आणि तोंडी निरोप आलाय की सही नसेल करायची तर टीसी घेऊन जा. तुम्ही विचारताय शाळा असं करू शकते का, सही करू का, आणि तक्रार करायची तर कुठे. आणि शेवटी लिहिलंय, "चूक तर आमच्याच पोराची आहे, मग बोलायचं कोणत्या तोंडाने?"

तुमचा खरा प्रश्न हाच आहे, बाकीचे सगळे त्याच्या पोटातले.

मी ३१ वर्षं शाळेत काढली, पहिली नऊ दिंडोरी तालुक्यात, बाकी नाशिक शहरात, त्यातली शेवटची अकरा मुख्याध्यापकाच्या खुर्चीत. म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूचा माणूस बोलतोय हे ध्यानात ठेवूनच वाचा. त्या खुर्चीतून मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली, की पालक दोन खाती एक करून टाकतात. पोराने काय केलं हे एक खातं आणि शाळेने ते कसं हाताळलं हे दुसरं. काही पालक पोराची चूक मोठी म्हणून शाळेचं सगळं माफ करतात, आणि काही जण सरांनी हात उचलला ना, मग आमच्या पोराने काही केलंच नाही असं धरून चालतात. दोन्हीकडे हिशोब चुकतो. एका खात्यातली उधारी दुसऱ्यात वळती करायची नाही.

माझ्या ऑफिसात घडलेला प्रसंग सांगतो. आठवीतला मुलगा, बाकावर काहीतरी घाण लिहिलं म्हणून वडिलांना बोलावलं होतं. वडील अंबड एमआयडीसीतून सेकंड शिफ्टच्या आधी धावत आलेले, अंगात कंपनीचा युनिफॉर्म. मी "बसा" म्हणायच्या आत त्यांनी पोराच्या कानाखाली अशी वाजवली की बाहेरचा शिपाई आत डोकावला. आणि मला म्हणाले, "सर तुम्ही पण लावा दोन, आमची काही तक्रार नाही." त्यांना वाटलं आपण शाळेला सहकार्य करतोय. पोरगा माझ्याकडे बघत होता, वडिलांकडे नाही, मी काय करतो ते बघत होता. त्या दिवशी बाकाचा विषय निघालाच नाही हो, निघू शकलाच नाही, सगळा वेळ वडिलांना पाणी देण्यात आणि पोराला बाहेर बसवण्यात गेला.

आता तुमच्याकडे येतो, आधी शाळेचं खातं बघू.

थोबाडीत मारणं आणि उठाबशा, दोन्ही बेकायदा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, त्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई आहे आणि करणाऱ्यावर त्याच्या सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होते. लोकांना वाटतं शारीरिक शिक्षा म्हणजे छडी. तसं नाही, उठाबशा, अंगठे धरून उभं करणं, उन्हात उभं करणं हे पण त्यातच येतं, आणि वर्गासमोर टोमणे मारून लाज काढणं हे मानसिक छळात. "पालकांची परवानगी होती" हे उत्तर चालत नाही, तशी परवानगी द्यायचा अधिकार तुम्हालाही नाही. तुमची शाळा सीबीएसईची असली तरी फरक पडत नाही, बोर्ड कुठलंही असो, कायदा तोच. एक अपवाद आहे, अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांना २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर शिक्षण हक्क कायदा लागत नाही, म्हणून शाळेला तो दर्जा आहे का ते आधी बघून घ्या. पण म्हणून तिथे मारायला मोकळीक आहे असं नाही, बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७५ आहेच, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने मुलाला क्रूर वागणूक दिली तर तो गुन्हा.

आणि हे मी सोवळ्यात राहून सांगत नाहीये. नव्वदच्या दशकात माझ्याही टेबलावर लाकडी रूळ असायचा. दिंडोरीकडे असताना एक मुलगा फेब्रुवारीत पंधरा दिवस गैरहजर, आला तेव्हा काही न विचारता मी त्याच्या तळहातावर चार दिले. चौथ्याला त्याने हात मिटला तेव्हा दिसलं की बोटं काळी पडलेली आणि चिरलेली आहेत, द्राक्षाच्या खुड्यावर आईबरोबर जात होता, कात्रीने बोटं कापली होती. रूळ मी तसा लगेच सोडला वगैरे नाही, खोटं कशाला बोलू, सुटायला दोनेक वर्षं गेली. पण मारायच्या आधी विचारायचं असतं हे तिथे शिकलो, आणि विचारायला लागलं की मारायची वेळ फारशी येत नाही.

आता टीसीची भानगड, हा भाग नीट वाचा.

पहिली ते आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६. बरेच जण म्हणतात "ते बदललं ना सर २०१९ मध्ये", बदललं ते नापास करण्याबद्दल. पाचवी आणि आठवीत वार्षिक परीक्षा घेऊन त्याच वर्गात ठेवायची मुभा राज्यांना मिळाली आणि आपल्याकडे ती लागूही झाली. पण काढून टाकायची मनाई जशीच्या तशी आहे. नववी-दहावीचं वेगळं, तिथे माध्यमिक शाळा संहिता आहे आणि तिच्यात गंभीर गैरवर्तनासाठी कडक शिक्षेची तरतूद आहे. तुमचा मुलगा सातवीत आहे, विषय संपला.

मग शाळा "टीसी घेऊन जा" का म्हणते? कारण काढून टाकता येत नाही हे शाळेला तुमच्यापेक्षा जास्त चांगलं माहितीय. म्हणून काय करतात, पालकाकडूनच अर्ज लिहून घेतात. शाळा सोडल्याचा दाखला तुम्ही कधी निवांत वाचलाय का? आईचं नाव, जन्मतारीख अक्षरी, जनरल रजिस्टर नंबर, हे सगळं झालं की खाली दोन रकाने असतात, "वर्तणूक" आणि "शाळा सोडण्याचे कारण". वर्तणुकीत शंभरातल्या नव्व्याण्णव दाखल्यांवर "चांगली" लिहिलेलं असतं, मी स्वतः हजारो दाखल्यांवर सही केलीय, ज्याने माझ्या खोलीची काच फोडली त्याच्याही दाखल्यावर "चांगली"च आहे. आणि कारणाच्या रकान्यात येतं, "पालकांच्या विनंतीवरून". हे दोन शब्द कागदावर आले की शाळेने काढलं असं कुणालाच सिद्ध करता येत नाही, शिक्षणाधिकारीही म्हणतात अहो तुम्हीच अर्ज केलाय ना. तेव्हा कितीही राग आला, कितीही अपमान वाटला, तरी रागाच्या भरात टीसीचा अर्ज लिहू नका. मुलाची शाळा खरंच बदलायची असेल तर एप्रिलमध्ये शांतपणे बदला, दुसरीकडे प्रवेश पक्का करून.

तीन दिवस घरी बसवल्याचं काय, तर माझ्या मते ती पळवाट आहे. काढलं म्हणता येत नाही आणि ठेवलंही नाही. शाळेला एवढंच विचारा की हे लेखी द्या, तारीख आणि कारण टाकून. दहातल्या आठ शाळा लेखी मागितलं की दुसऱ्या दिवशी "पाठवा त्याला" म्हणतात.

हमीपत्र. तुम्ही जो मजकूर टाइप करून टाकलाय त्यात पहिली तीन वाक्यं ठीक आहेत, मुलाच्या हातून असं असं घडलं, याची आम्हाला जाणीव आहे, पुन्हा होऊ नये म्हणून लक्ष ठेवू. यावर सही करा, बिनधास्त करा, त्यात कमीपणा नाही. चौथं वाक्य आहे, "यापुढे काहीही घडल्यास माझ्या पाल्यास शाळेतून कमी करण्यास माझी कोणतीही हरकत राहणार नाही." या ओळीवर सरळ आडवी रेघ मारा, बाजूला छोटी सही करा आणि मग खाली सही करून द्या, आणि देण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. सही करून कायद्याने दिलेला हक्क जात नाही हे खरं आहे, पण तो कागद उद्या तुमच्यासमोर नाचवला जातो आणि तुम्ही घाबरता, त्या कागदाचं काम तेवढंच असतं. "यापुढे काहीही" म्हणजे काय हो, उद्या डबा सांडला तर?

हे झालं शाळेचं खातं. आता पोराचं, आणि इथे मी तुमच्या बाजूने नाहीये.

स्टिकर हा विनोद नाही. त्या मॅडम रोज सकाळी चाळीस पोरांसमोर उभ्या राहतात, त्यातल्या किती जणांच्या फोनमध्ये ते स्टिकर आहे हे त्यांना माहीत नाही, फळ्याकडे तोंड केलं की मागून हसण्याचा आवाज आला तर तो कशावरचा आहे हे पण माहीत नाही. थोबाडीत मारल्यामुळे मॅडमची तक्रार कुणी ऐकूनच घेतली नाही, सगळी चर्चा सरांच्या हातावर गेली. तुमचं पोरगं आता घरात स्वतःला हुतात्मा समजत असेल, मला मारलं, मला बसवलं. त्याला सरांच्या वागण्याबद्दल तुम्ही जरूर सांगा की ते चुकीचं होतं आणि आम्ही ते बोलणार आहोत, पण त्याच श्वासात विचारा की स्टिकर कुणी कुणी पुढे पाठवलं, कुठल्या कुठल्या ग्रुपवर, आणि ते एकेका ठिकाणाहून काढायला काय करायचं. माफीचं पत्र त्याच्याच हाताने, त्याच्याच भाषेत, तुम्ही सांगून लिहून घेऊ नका. इंग्लिश मीडियमची पोरं "आय अ‍ॅम एक्स्ट्रीमली सॉरी फॉर माय मिसबिहेवियर" असं नेटवरून उतरवून देतात, ते कुणीच वाचत नाही. मराठीत लिहू दे, चुका राहू दे. आणि मॅडमच्या हातात एकट्याने द्यायला लावा, वर्गासमोर नाही.

हा फोटो मॅडमचा होता आणि कपड्यांवरची टिंगल होती असं तुम्ही लिहिलंय म्हणून मी हे एवढं साधं सांगतोय. तोच उद्योग वर्गातल्या मुलीच्या फोटोवर आणि घाणेरड्या पद्धतीने केला असता तर प्रकरण पोक्सोपर्यंत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यापर्यंत गेलं असतं, आणि पोक्सोमध्ये कळल्यावर पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे, तिथे मुख्याध्यापकाच्या हातात मिटवामिटवी काही राहत नाही. मुलाला हे सांगून ठेवा.

बरं, नियमांबद्दल एक बोलतो कारण तुम्ही म्हणालात की नियमावलीत मोबाईलचा नियम होता हे आत्ता कळलं. जूनमध्ये शाळा सुरू होताना जी डायरी मिळते तिच्या पहिल्या आठ-दहा पानांत आचारसंहिता असते, आता बऱ्याच शाळा अ‍ॅपवर पीडीएफ टाकतात आणि "आय अ‍ॅग्री" दाबल्याशिवाय फीचं पान उघडत नाही, सगळे दाबतात, मी पण माझ्या नातवाच्या शाळेचं असंच दाबलं आणि मग लाज वाटून वाचायला बसलो. त्यातले निम्मे नियम निरुपयोगी असतात हो. मेंदी नको, केसांची लांबी, सॉक्सचा रंग. श्रावणात मुलीच्या हातावर मेंदी दिसली म्हणून तिला मैदानात उभं करणाऱ्या शाळा मी बघितल्यात आणि माझ्या मनात त्यांच्याबद्दल काडीचा आदर नाही. पण त्याच पानांत जे खरंच कामाचं असतं ते पालक वाचतच नाहीत.

उदाहरणार्थ गाडी. नववी-दहावीची पोरं कॉलेज रोडला, गंगापूर रोडला क्लासला अ‍ॅक्टिव्हावर ट्रिपल सीट जातात, आणि वडील म्हणतात "क्लासच लांब आहे काय करणार". सोळा वर्षांनंतर बिनगिअरची पण ५० सीसीपर्यंतचीच गाडी लायसन काढून चालवता येते, अ‍ॅक्टिव्हा त्याच्या दुप्पट सीसीची आहे. २०१९ च्या दुरुस्तीपासून अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना काही केलं तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिन्यांसाठी रद्द, आणि पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. पंचवीस! शाळेने "विद्यार्थ्यांनी दुचाकी आणू नये" लिहिलेलं असतं ते स्वतःची कातडी वाचवायला लिहिलेलं असतं हे मान्य, पण तुमचीही वाचते.

तसंच मांजाचं. जानेवारीत संक्रांतीच्या आधी शाळा नायलॉन मांजाची शपथ घेते, पोरं हात पुढे करून म्हणतात आणि त्याच संध्याकाळी गच्चीवर तोच मांजा. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने देशभर त्याच्यावर बंदी घातलीय. येवल्याला तर तीन दिवस पतंग चालतो, साध्या सुती दोऱ्यावरही पतंग उडतो, मजा त्यात पण येते की. हजेरी हा अजून एक, दहावीला बोर्डाच्या नियमाने ७५ टक्के लागते आणि रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उडी मारायला गेलेला दिवस कुणी मोजत नाही, पण लग्नसराईतले आठ-आठ दिवस मोजले जातात.

शाळेच्या "बातम्यां"बद्दल पण एक. तुमच्या क्लासच्या पालक ग्रुपवर हा विषय आलाय असं दिसतंय, तिथे एक अक्षर लिहू नका. तो ग्रुप म्हणजे पावसाळ्यात "दुतोंड्या मारुतीच्या गळ्यापर्यंत पाणी आलं, उद्या शाळेला सुट्टी" असं फॉरवर्ड करणारा ग्रुप आहे (गोदावरीतला हा मारुती, त्याच्यावरून नाशिककर पुराचं पाणी मोजतात), मारुतीच्या कमरेला पाणी असतं आणि फोटो २०१९ च्या पुराचा असतो. अतिवृष्टीची सुट्टी जिल्हाधिकारी आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली जाहीर करतात, शाळेच्या वेळा आणि परीक्षांसारखे राज्यभराचे निर्णय शासन निर्णय म्हणून येतात आणि त्यावर संकेतांक क्रमांक असतो. २०२४ च्या फेब्रुवारीत चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असा निर्णय आला तेव्हा आमच्या भागातल्या ग्रुपांवर "सगळ्या शाळा नऊला" असं फिरलं, दहावीच्या पालकांनी शाळेत फोन करून करून कारकुनाला वेडं केलं. मूळ कागद बघायचा, बस. आणि ज्या ग्रुपवर मूळ कागद कुणी बघत नाही तिथे तुमच्या पोराचं नाव गेलं की तीन दिवसांत स्टिकरचं काहीतरी भलतंच होऊन बसेल.

आता तक्रार कुठे. आधी मुख्याध्यापकांना लेखी, एक पान, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पोहोचल्याची पावती जपून ठेवा. शाळेत पालक-शिक्षक संघ असतो, त्याच्या कार्यकारी समितीतले पालक लॉटरी काढून निवडायचे असतात, तुमच्या शाळेत चिठ्ठ्या कधी काढल्या ते विचारा, बऱ्याचदा संस्थेच्या ओळखीतलेच बसलेले असतात. शाळेत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समितीही असली पाहिजे, मार्च २०२२ च्या शासन निर्णयापासून, आणि तक्रारपेटी. तुमच्या प्रकरणात पेटीत चिठ्ठी टाकून काही होणार नाही, पण समितीतल्या पालक प्रतिनिधीशी बोलून ठेवा. वर जायचंच झालं तर पहिली ते आठवीसाठी नाशिक शहरात महापालिकेचा शिक्षण विभाग, ग्रामीण भागात पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, आणि नववी-दहावीसाठी जिल्हा परिषदेचे माध्यमिक शिक्षणाधिकारी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाला तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, त्यावर अपील बाल हक्क आयोगाकडे. पोराला दुखापत झाली असेल, कानाला काही झालं असेल तर आधी डॉक्टरकडे आणि कागद घ्या, थोबाडीत कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे, तो आई-वडीलही लावू शकतात.

पण मला विचाराल तर तुमच्या केसमध्ये शिक्षण विभागापर्यंत जायची वेळ येणार नाही. सोमवारी दोघांनी जा, एकट्या जाऊ नका, आणि वेळ मागून जा, गेटवर भांडू नका. मुलाला बरोबर न्या पण सुरुवातीला बाहेर बसवा. आत गेल्यावर आधी पोराचं खातं तुम्हीच उघडा, स्टिकरबद्दल आम्हाला वाईट वाटलंय, हे पत्र त्याने मॅडमना लिहिलंय, हे ग्रुप आहेत जिथून त्याने ते काढून टाकलंय. मुख्याध्यापक खुर्चीत थोडे मागे टेकतील, बघा तुम्ही, कारण ते भांडणाची तयारी करून बसलेले असतात. मग दुसरं खातं. सरांनी हात उचलला आणि उठाबशा काढायला लावल्या, त्याबद्दल तुम्ही काय करताय ते आम्हाला लेखी हवंय. एवढंच म्हणा आणि गप्प बसा. "आम्ही वर जाऊ" म्हणू नका, "कायदा" पण पहिल्या पाच मिनिटांत काढू नका, फाईल टेबलावर ठेवलेली दिसू दे. हमीपत्र रेघ मारलेलं द्या. त्यांनी ती रेघ बघून "हे काय मॅडम" विचारलं की सांगा, ही ओळ आम्हाला मान्य नाही, बाकी सगळं मान्य आहे. ते दुसरा कोरा फॉर्म पुढे सरकवतील, त्यावरही तीच रेघ मारा.